कंपाइल होतं, चालवताना एचडीएफ५ अडवतं : ती ओळ आधी शोधा

हवामान खात्याच्या पाव अंशाच्या जाळीवरच्या पावसाच्या नेटसीडीएफ फाइली (हवामानाची आकडेवारी साठवायचा एक प्रकार) वाचणारा तुमचा फोर्ट्रान प्रोग्रॅम विनातक्रार कंपाइल होतो, आणि क्लस्टरवर (एकत्र जोडलेल्या सामायिक संगणकांवर) चालवला की नेटसीडीएफच्या आत वापरली जाणारी एचडीएफ५ लायब्ररी ‘हेडर १.१०.४, लायब्ररी १.१०.६’ असं सांगून तो बंद पाडते, म्हणजे कंपाइल होताना एक आवृत्ती आणि चालताना दुसरी. माझ्या पीएचडीच्या पहिल्या वर्षी अगदी हेच झालं होतं. फाइलीही याच होत्या.

तुम्हाला कुणीतरी एचडीएफ५_डिसेबल_व्हर्जन_चेकला (ही आवृत्तीची तपासणी बंद करायचं सेटिंग) २ द्या म्हटलंय. कृपा करून देऊ नका. १ दिलं तर प्रोग्रॅम थांबत नाही, २ दिलं तर इशाराही दिसत नाही. चुकीची लायब्ररी मात्र तशीच जोडलेली राहते. शोधनिबंधात जाणारे आकडे असल्या पायावर उभे करू नयेत, हे माझं ठाम मत.

माझे तीन आठवडे एका ओळीनं खाल्ले. आमच्या संस्थेच्या संगणक केंद्रानं आधीच्या एका अडचणीवर उपाय म्हणून एलडी_लायब्ररी_पाथमध्ये (प्रोग्रॅम चालताना लायब्ररी जिथे शोधतो त्या फोल्डरांची यादी) कोंडाचं, म्हणजे स्वतःच्या वेगळ्या लायब्ररी आणणाऱ्या पॅकेज व्यवस्थेचं, लिब फोल्डर सर्वांत पुढे लावायला सांगितलं होतं. मी ती ओळ बॅशआरसीत (शेल सुरू होताना वाचली जाणारी सेटिंगची फाइल) टाकली आणि विसरलो. पुढे कंपाइल व्हायचं क्लस्टरच्या लायब्ररीवर, चालायचं कोंडाच्या. लॉगिन नोडवर (क्लस्टरच्या ज्या संगणकावर आपण आधी शिरतो तो) मी तो पाथ हातानं पुसला की सगळं नीट. जॉब टाकला, म्हणजे काम क्लस्टरच्या रांगेत लावलं, की पुन्हा बंद, कारण तिथे नवा शेल बॅशआरसी नव्यानं वाचायचा. हे लक्षात येईपर्यंत मी नेटसीडीएफ चार वेळा नव्यानं बांधून झालो होतो. केंद्राला तीन मेल केले. ‘लायब्ररी बसवलेली आहे, अडचण तुमच्या प्रोग्रॅममध्ये आहे’ एवढं लिहून त्यांनी तक्रार बंद केली. एलडीडी (प्रोग्रॅमला कुठल्या लायब्ररी जोडल्या जातात ते दाखवणारी कमांड) चालवून बघायला दोन मिनिटं लागतात हो! नवख्या विद्यार्थ्यासाठी तेवढंही कुणी करू नये, याचा राग अजून जात नाही.

तेव्हा बॅशआरसीतून ती ओळ काढा, कोंडा आपोआप चालू होत असेल तर तेही बंद करा. मग एलडीडी जॉब स्क्रिप्टच्या आत, प्रोग्रॅमच्या आधीच्या ओळीत चालवा. लॉगिन नोडवरचं उत्तर इथे कामाचं नाही. आरपाथनं (प्रोग्रॅममध्येच लिहून ठेवलेला लायब्ररीचा पत्ता) काम भागेल असं समजू नका. आजकाल बऱ्याच लिनक्सवर तो रनपाथ म्हणून लिहिला जातो, आणि त्याच्या आधी एलडी_लायब्ररी_पाथच बघितला जातो.

जाता जाता: ४.२ पासून नेटसीडीएफची फोर्ट्रान लायब्ररी सी भाषेच्या लायब्ररीपासून वेगळी आहे, म्हणून लिंक करताना आधी नेटसीडीएफएफ (फोर्ट्रानची), मग नेटसीडीएफ (सीची). आणि जीफोर्ट्रान या कंपायलरनं बनवलेली मॉड फाइल (फोर्ट्रान मॉड्यूल कंपाइल झाल्यावर तयार होणारी) इंटेलचा कंपायलर वाचत नाही, मित्राकडून उचलून आणू नका.

हे सगळं लिनक्स आणि जीफोर्ट्रानपुरतं. मॅकवर पाथची नावंही वेगळी आहेत. जॉबमधल्या एलडीडीच्या ज्या ओळींत एचडीएफ५ दिसेल तेवढ्या इथे टाका, मी बघतो.