डॅपर लावतोयस? कनेक्शनचं आधी बघ

अरे ऐरोलीतल्या सोसायटीच्या मेंटेनन्स ॲपला एंटिटी फ्रेमवर्कच (एसक्यूएल स्वतः तयार करणारी मायक्रोसॉफ्टची मोठी लायब्ररी) हवं असं काही नाही, चार-पाच टेबलं, एसक्यूएल तुला येतं, डॅपर मस्त चालेल, म्हणजे एसक्यूएल तू लिहायचं आणि निकाल सी-शार्पच्या ऑब्जेक्टमध्ये भरून देणारी छोटी लायब्ररी. स्टॅक ओव्हरफ्लोवाल्यांनी स्वतःच्या साइटसाठी बनवलेलं आहे ते. नुगेटवरून (डॉट नेटची पॅकेजं मिळतात तिथून) घे, झालं.

फक्त एएसपी डॉट नेट कोअरमध्ये (वेब ॲपचं फ्रेमवर्क) डेटाबेस कनेक्शन सिंगलटन म्हणून, म्हणजे अख्ख्या ॲपला एकच, रजिस्टर करू नकोस हां, नवीन पोरं हमखास तेच करतात, एकट्याने टेस्ट करताना सगळं गोड चालतं आणि दहा तारखेला फ्लॅटवाले एकदम पैसे भरायला आले की दोन रिक्वेस्ट एकाच कनेक्शनवर भिडतात नि एरर. स्कोप्ड ठेव, म्हणजे दर रिक्वेस्टला वेगळं, रिक्वेस्ट संपली की फ्रेमवर्कच डिस्पोज करतं. सारखं उघडबंद महाग पडेल वाटतं ना, पण खाली पूलिंग असतं, म्हणजे उघडलेली कनेक्शन्स राखून पुन्हा वापरली जातात, एसक्यूएल सर्व्हरच्या ड्रायव्हरला बाय डिफॉल्ट 100 पर्यंत.

ओपन करायची पण गरज नाही, डॅपर स्वतः उघडतं-मिटतं. ट्रान्झॅक्शन असेल (पावती नि बॅलन्स दोन्ही बदलतील किंवा एकही नाही असं) तर मात्र कनेक्शन तूच उघड आणि प्रत्येक एक्झिक्यूटला ते ट्रान्झॅक्शन पास कर, नाहीतर एसक्यूएल सर्व्हरचा ड्रायव्हर एरर देतो.

फ्लॅट नंबर क्वेरीत प्लसने चिकटवू नकोस, पॅरामीटर दे. आणि कॉलमच्या नावात अंडरस्कोअर असेल नि प्रॉपर्टीत नसेल तर एरर येत नाही, गुपचूप नल येतो, आकडा असेल तर 0. त्यासाठी डॅपरची मॅच नेम्स विथ अंडरस्कोअर्स ही सेटिंग ट्रू कर.