२०१६ मधले तुमचे सर्वांत आवडते अल्बम कोणते? ते वर्ष इतकं गाजलं ते कलाकारांच्या निधनामुळे, की संगीतच तसं होतं?

संगीतच तसं होतं. निधनाच्या बातम्यांनी त्यावर लोकांचं लक्ष खिळवलं हे खरं, पण त्या बातम्या बाजूला ठेवल्या तरी माझी यादी फारशी बदलत नाही. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत एकही गाणं पुढे ढकलावंसं वाटत नाही, तोच अल्बम मी यादीत घेतो. या कसोटीवर २०१६ मध्ये पहिला क्रमांक ब्रिटिश रॉक गायक डेव्हिड बोवीच्या ‘ब्लॅकस्टार’चा.

हा अल्बम ८ जानेवारीला, बोवीच्या ६९व्या वाढदिवशी आला आणि १० जानेवारीला तो गेला. आजारपण जवळच्या मोजक्या माणसांनाच ठाऊक होतं. साहजिकच मग प्रत्येक ओळीत निरोप शोधला गेला. त्यातलं ‘लॅझरस’ हे गाणं ऐकताना तर दुसरं काही सुचतही नाही. पण या नादात त्यातलं वादन ऐकायचं राहून जातं, याची मला फार रुखरुख वाटते. बोवीने आपले नेहमीचे रॉकमधले साथीदार न घेता न्यूयॉर्कमधल्या डॉनी मॅकॅस्लिन या सॅक्सोफोनवादकाचा जॅझ चमू घेतला. मारिया श्नायडर या संगीतकार बाईंनी त्याचं नाव सुचवलं होतं. बोवी एका छोट्या क्लबमध्ये जाऊन त्यांना ऐकून आला आणि मग त्यांनाच स्टुडिओत बोलावलं. साठी ओलांडलेला, सगळं कमावून बसलेला माणूस नवख्या संगतीत जाऊन उभा राहतो, याचंच मला आधी कौतुक वाटतं.

शीर्षकगीत जवळजवळ दहा मिनिटांचं आहे. हेडफोन लावा आणि फक्त या चमूतल्या मार्क जुलियानाच्या ड्रमवर कान ठेवा. सुरुवातीचा ठेका इतका तुटक आहे की सम कुठे पडते ते चटकन हाती लागत नाही, आणि त्यावर बोवीचा आवाज मात्र संथ, मंत्र म्हटल्यासारखा. मध्ये कुठेतरी ठेका विरतो, सगळं धूसर होतं आणि त्यातून एक वेगळंच मोकळं, गोड गाणं वर येतं. मग पहिली चाल परत येते, पण आता ठेका जड, सावकाश. मुळात ही दोन वेगळी गाणी, जोडून एक केलेली. जोड लपवलेली नाही, आणि मला ती जागाच सगळ्यात जास्त आवडते. शेवटच्या गाण्याच्या सुरुवातीला हार्मोनिकाचा एक तुकडा येतो, तो बोवीच्याच १९७७ च्या ‘लो’ अल्बममधला. ‘लो’ ऐकलेल्या माणसाच्या अंगावर तिथे काटा येतोच. न ऐकलेल्यालाही ते गाणं तितकंच भिडतं, म्हणून ही नुसती जुनी आठवण काढणं ठरत नाही.

दुसरा कॅनडाचा कवी-गायक लेनर्ड कोहेनचा ‘यू वॉन्ट इट डार्कर’. २१ ऑक्टोबरला आला, ७ नोव्हेंबरला कोहेन गेला, वय ८२. पाठीच्या दुखण्यामुळे त्याला स्टुडिओत जाणं झेपत नव्हतं, म्हणून लॉस एंजेलिसमधल्या त्याच्या घरीच रेकॉर्डिंग झालं. मुलगा अ‍ॅडम निर्माता. आवाज इतका खाली उतरलेला की गाणं आणि बोलणं यातला फरक उरत नाही. मागे मॉन्ट्रियलच्या ज्या सिनेगॉगशी (ज्यूंच्या प्रार्थनास्थळाशी) त्याच्या घराण्याचं पिढ्यांचं नातं होतं, तिथला गायकवृंद. माझ्या मते या अल्बममधली सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे संयम. वाद्यं मोजकी, रडारड कुठेही नाही. देवाशी तो भांडतोसुद्धा खालच्या पट्टीत.

ऑस्ट्रेलियन गायक निक केव्हच्या ‘स्केलेटन ट्री’बद्दल थोडं जपून लिहितो. २०१५ च्या जुलैमध्ये त्याचा पंधरा वर्षांचा मुलगा गेला, आणि हा अल्बम त्या दुःखातूनच जन्मला असं सर्रास लिहिलं जातं. वस्तुस्थिती अशी की बरीचशी गाणी त्याआधीच लिहून झाली होती. नंतर बदललं ते गाणं म्हणण्याची रीत: आवाज मधेच सुटतो, चाल नीट बांधलेली राहत नाही, आणि केव्हने ते तसंच राहू दिलं. अल्बम चाळीस मिनिटांच्या आतला आहे, पण मला तो सलग दोनदा ऐकवत नाही.

रेडिओहेड या इंग्लिश रॉक बँडचा ‘अ मून शेप्ड पूल’ आणि अमेरिकन गायिका सोलांजचा ‘अ सीट अ‍ॅट द टेबल’ यांची नावं मी जोडीने घेतो, कारण दोन्हींत वर्षानुवर्षं थांबलेलं एकेक गाणं आहे. ‘ट्रू लव्ह वेट्स’ रेडिओहेडने १९९५ मध्येच कार्यक्रमात गायलं होतं, तेव्हा गिटारवर. स्टुडिओ अल्बममध्ये ते एकवीस वर्षांनी आलं, एकमेकांवर रचलेल्या पियानोंच्या सुरांत, अगदी रिकामं होऊन. गंमत म्हणजे या अल्बममधली गाणी इंग्रजी वर्णक्रमाने लावलेली आहेत, तरी हे गाणं शेवटीच यायला हवं होतं असं वाटतं. सोलांजचं ‘क्रेन्स इन द स्काय’सुद्धा असंच कित्येक वर्षं आधी लिहिलेलं. राफेल सदीक या संगीतकाराने दिलेल्या वाद्यसंगीतावर तिने ते रचलं आणि योग्य अल्बमची वाट पाहिली. गाण्यांच्या मधे तिचे आईवडील बोलतात, मास्टर पी हा रॅपर बोलतो. इतर अल्बममध्ये असे बोलण्याचे तुकडे मी टाळतो, इथे ते काढले तर गाण्यांचा पाया जातो. त्याच वर्षी तिच्या बहिणीचा, म्हणजे बियॉन्सेचा ‘लेमोनेड’ आला आणि चर्चा त्याचीच जास्त झाली. ‘लेमोनेड’ जबरदस्त आहे, पण मी पुन्हा पुन्हा जातो तो सोलांजकडे.

अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट या अमेरिकन हिप-हॉप गटाचा नवा अल्बम १९९८ नंतर थेट २०१६ च्या नोव्हेंबरमध्ये आला. काम चालू असतानाच, मार्चमध्ये, गटातला रॅपर फाइफ डॉग गेला. तरी त्याचे शब्द जिवंत, खट्याळ, समोरच्याला टोमणा मारणारे आहेत. गटातला दुसरा रॅपर क्यू-टिप आणि तो एकमेकांची ओळ तोडून पुढची ओळ घेतात, ते ऐकताना दोघे एकाच खोलीत आहेत हे कळतं.

आणि ‘सैराट’. गाणी चारच, म्हणून काही जण त्याला अल्बम मानत नाहीत. मी मानतो. अजय-अतुल यांनी त्यासाठी लॉस एंजेलिसला जाऊन सिम्फनी ऑर्केस्ट्रा रेकॉर्ड केला. ‘झिंगाट’ सगळ्यांना पाठ आहे, त्यामुळे ‘याड लागलं’ पुन्हा एकदा नीट ऐका: तंतुवाद्यांचा एवढा मोठा फौजफाटा मागे असूनही अजय गोगावलेचा गावरान आवाज त्यात कुठेही दबत नाही. वाद्यमेळ किती उचलायचा आणि कुठे थांबवायचा याची ही समज जगातल्या कुठल्याही यादीत बसेल.

अमेरिकन गायक फ्रँक ओशनचा ‘ब्लॉन्ड’ पुष्कळांच्या यादीत पहिला असतो. मला त्यातली ‘नाइट्स’सारखी गाणी फार आवडतात, पण सलग ऐकताना मधे लक्ष सुटतं, म्हणून माझ्या यादीत नाही.

यातलं काहीच ऐकलं नसेल तर सोलांजपासून सुरुवात करा, तो अल्बम पहिल्या ऐकण्यातच आपलासा होतो. कोहेन त्यानंतर, आणि शब्द समोर ठेवून. निक केव्ह सगळ्यात शेवटी.