शब्द नसलेले पुस्तक आणि घरातली तेलुगू

प्रश्न : आमची मुलगी साडेचार वर्षांची आहे. घरी आम्ही तेलुगू बोलतो, बालवाडीत मराठी चालते. तिथल्या बाईंच्या सांगण्यावरून आम्ही शब्द नसलेले एक चित्रपुस्तक आणले. परंतु ते उघडले की ती ‘शेळी’, ‘टॉवेल’, ‘आजी’ एवढी नावे घेऊन गप्प बसते. मी मराठीत गोष्ट रचून तिच्याकडून म्हणवून घ्यावी का? माझ्या सासूबाईंना वाचता येत नाही. त्या तेच पुस्तक घेऊन तिच्याशी तेलुगूत बोलतात. त्याने मुलीचा गोंधळ होईल का?
– एक वाचक, साखर पेठ, सोलापूर

उत्तर : गोंधळ होणार नाही, उलट सासूबाईंना हे काम आवर्जून करू द्यावे. पुस्तकात मजकूर नसल्यामुळे त्याची भाषा ठरलेली नसते आणि अक्षरओळख नसलेली आजीही ते नातीला पूर्ण हक्काने दाखवू शकते. मराठी, तेलुगू, कन्नड आणि उर्दू शेजारीशेजारी नांदणाऱ्या सोलापुरात या सोयीचे मोल फार मोठे आहे. आधी काय घडले, त्यामुळे पुढे काय झाले, कोणाला काय वाटले, ही गोष्टीची बांधणी मुलाला सर्वांत सहज येणाऱ्या भाषेत आधी जमते आणि मग दुसऱ्या भाषेतही उपयोगी पडते. मराठी शब्द बालवाडीत मिळत राहतील.

गोष्ट रचून पाठ करून घेणे मात्र टाळावे. तुमची गोष्ट ऐकली की तीच ‘बरोबर’ आहे असे मुलाला वाटते आणि स्वतः चित्र न्याहाळण्याचे कारण उरत नाही. नावे घेणे ही सुरुवातच आहे. दोन चित्रे एकमेकांना जोडली की गोष्ट सुरू होते. समजा, एका पानावर दोरीवर टॉवेल वाळत आहे आणि पुढच्या पानावर त्याचे टोक शेळीच्या तोंडात आहे. येथे ‘हे काय आहे?’ असे विचारल्यास एका शब्दाचेच उत्तर मिळते. ‘आजी बाहेर आल्यावर काय म्हणेल?’ असे विचारून थांबावे, आणि हे थांबणेच मोठ्यांना सर्वांत जड जाते. ती ‘शेळी टॉवेल खाल्ली’ म्हणाली, तर चूक न दाखवता ‘हो, शेळीने टॉवेल खाल्ला, मग?’ एवढेच म्हणावे.

1988 मध्ये अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन-अडीच वर्षांच्या आसपासच्या मुलांच्या पालकांना चित्रपुस्तक पाहताना असेच मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाचे बोलणे थोडे वाढवून परत म्हणायला शिकवले होते. महिनाभरानंतर त्या मुलांची वाक्ये इतर मुलांपेक्षा लांब झालेली आढळली.

पहिल्यांदा मात्र पुस्तक न बोलता शेवटपर्यंत पाहू द्यावे, कारण शेवट ठाऊक नसताना पहिल्या पानाविषयी बोलणे मोठ्यांनाही अवघड जाते. नंतर ती सांगेल ते तिच्याच शब्दांत, तेलुगू असले तरी देवनागरीत, वहीत उतरवून तिला वाचून दाखवावे. उद्या तीच चित्रे पाहून तिने वेगळी गोष्ट सांगितली, तर तीही उतरवावी.

नवीन पुस्तकांसाठी ‘प्रथम बुक्स’ या प्रकाशन संस्थेच्या ‘स्टोरीवीव्हर’ या संकेतस्थळावर शब्द नसलेली पुस्तकेही विनामूल्य मिळतात. याशिवाय, सोलापुरातील सिद्धेश्वराच्या, म्हणजे गड्ड्याच्या यात्रेत तुम्ही काढलेली चार-पाच छायाचित्रे छापून घ्यावीत आणि त्यांचा क्रम तिलाच लावू द्यावा; पाळण्यात बसणे आधी आणि मिरवणुकीतले उंच नंदीध्वज पाहणे नंतर असे तिने ठरवले, तर तिची गोष्ट त्याच क्रमाने ऐकावी.