रिकिबीत पाय, नजर वाटेवर

जुलै लागला की ठाणे-नवी मुंबईकडून येणाऱ्या पत्रांत धबधबा असतोच. यंदा त्याला घोडा जोडला गेलाय. घोडेवाला सोबत घेऊन रानातल्या धबधब्यापर्यंत घोड्यावरून जायचं आणि संध्याकाळी घरी, अशा सहलीबद्दल बरेच प्रश्न आले. सारखे प्रश्न एकत्र करून ही उत्तरं दिली आहेत.

पांडवकड्याला किंवा येऊरला घोड्यावरून जाता येतं का? नसेल तर जवळ कुठे सोय आहे? (खारघर)

दोन्हीकडे नाही. पांडवकडा शंभर मीटरहून उंच आहे आणि पावसाळ्यात तिथे जायला वनखातं बंदी घालतं. वरच्या डोंगरावर सर आली की खाली ऊन असतानाही ओढा फुगतो, आणि कड्यावरून दगड सुटतात. येऊरचं जंगल संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात येतं. तिथे आडवाटेने घुसणं हा गुन्हा आहे, मग ते पायी असो की घोड्यावर.

तुमच्यासाठी जवळचं आणि सरळ ठिकाण माथेरान. नवी मुंबईकरांनी ट्रान्स-हार्बरने ठाणं गाठावं, तिथून कर्जत लोकलने नेरळ, पुढे टॅक्सीने दस्तुरी नाका. गाड्या तिथेच थांबतात आणि घोडे तिथेच मिळतात. पावसाळ्यात माथेरानची छोटी आगगाडी नेरळपासून सुटत नाही, ती फक्त अमन लॉज (दस्तुरीजवळचं स्थानक) ते माथेरान चालते. घोड्यावरून शार्लोट तलावाकडे गेलात तर भर पावसात बांधावरून पाणी सांडताना दिसतं आणि पुढे ते दरीत उडी घेतं. हा तलाव गावाच्या पिण्याच्या पाण्याचा, तेव्हा आंघोळीचा बेत घरीच सोडा. दर आधी ठरवा, आणि तो कुठून कुठपर्यंतचा, थांबण्याचा वेळ धरून की सोडून, हेही तोंडी पक्कं करा. वाद होतो तो नेहमी या थांबण्यावरून.

आमचं मत विचाराल तर जुलैपेक्षा सप्टेंबरची अखेर बरी. पाणी असतं, धुकं कमी असतं, आणि वाटेवरचं शेवाळ सुकायला लागलेलं असतं.

माझं वजन ८८ किलो आहे. घोड्याला झेपेल का? घोडेवाले तर सगळ्यांनाच ‘बसा साहेब’ म्हणतात. (ऐरोली)

हिशेब करून बघू. घोड्यावरचा सगळा भार, म्हणजे स्वार, खोगीर आणि पाठीवरची पिशवी मिळून, त्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापेक्षा जास्त नको, असा सर्वसाधारण नियम आहे. खोगीर आणि सामानाचे १० किलो धरले तर तुमचा भार ९८ किलो झाला. त्यासाठी घोडा ४९० किलोचा हवा. आपल्याकडच्या डोंगरवाटांवरचे तट्टूवजा घोडे बहुधा अडीचशे-तीनशे किलोचे असतात. त्यांची मर्यादा खोगिरासकट ५० ते ६० किलो. चढ-उताराची आणि निसरडी वाट असेल तर त्याहूनही कमी. म्हणून उत्तर स्पष्टच देतो: तुम्ही चालत जा. दस्तुरी ते शार्लोट हे अंतर पाचेक किलोमीटरचं आहे आणि वाट झाडीतून जाते.

वजन बसत असलं तरी घोडा पारखूनच घ्या. खोगीर चढवण्याआधी पाठ बघायला मागा. पाठीवर केस गेलेले, सोललेले किंवा पांढऱ्या केसांचे गोल डाग दिसले तर तिथे खोगीर लागत असतं. पांढरे केस जुन्या जखमेवर येतात, ओली जखम असेल तर तो घोडा नकोच. ‘खोगीरभरती’ हा शब्द आपण निरुपयोगी भरताडासाठी वापरतो, पण घोड्याचा कणा वाचतो तो त्या भरतीमुळेच. ती एका बाजूला दबलेली असली की सगळं वजन मणक्यावर येतं. मग घोडा दहा पावलं सरळ चालवून दाखवायला सांगा. पुढचा एखादा पाय टेकताना दर वेळी मान वर जात असेल तर त्याच पायात दुखणं आहे. नाकातून घट्ट पिवळा शेंबूड येत असेल तर हातही लावू नका. ते ग्लँडर्सचं लक्षण असू शकतं, आणि हा रोग माणसालाही होतो.

पहिल्यांदाच बसणार आहे. बसण्याआधी नेमकं काय तपासायचं? (नौपाडा)

सर्वात आधी तंग, म्हणजे पोटाखालून खोगीर आवळणारा पट्टा. पट्टा आणि कातडी यांच्यात दोन बोटं जेमतेम शिरली पाहिजेत. मूठ शिरत असेल तर चढताना रिकिबीवर, म्हणजे पाय ठेवायच्या कडीवर, भार दिला की खोगीर पोटाकडे फिरेल आणि तुम्ही सोबत. एक खोच लक्षात ठेवा: तंग आवळताना बरेच घोडे छाती फुगवून धरतात. बसल्यावर पाच-दहा मिनिटं चाललं की श्वास सुटतो आणि पट्टा सैल पडतो. म्हणून ‘दादा, तंग परत बघा’ हे वाक्य तेव्हा म्हणायचंच. पुढे धबधब्यावर विश्रांतीसाठी तंग सैल करतात. परतीला निघताना तो पुन्हा आवळायचा राहतो. गडबड सगळ्यात जास्त होते ती इथेच.

मग रिकिबी. जमिनीवर उभं राहून बोटांची टोकं वादीच्या, म्हणजे रिकीब लटकवणाऱ्या पट्ट्याच्या, वरच्या टोकाला खोगिराजवळ टेकवा आणि रिकीब हाताखालून काखेकडे ओढा. ती काखेपर्यंत पोचली तर लांबी साधारण बरोबर. दोन्ही बाजू सारख्या आहेत ना, ते घोड्यासमोर उभं राहून बघा. वाद्यांना वेगवेगळ्या जागी भोकं पाडलेली असतात, त्यामुळे एक पाय आखूड आणि एक लांब हा प्रकार सर्रास आढळतो.

चढायचं डाव्या बाजूने, शक्यतो एखाद्या उंचवट्यावरून. जमिनीवरून लोंबकळत चढलं की खोगीर आणि घोड्याचा कणा दोन्ही पिळले जातात. डाव्या हातात लगाम आणि आयाळीचा झुपका, डावा पाय रिकिबीत, उजवा पाय घोड्याच्या पुठ्ठ्याला (मागच्या भागाला) न लागता पलीकडे. बसताना धपकन नव्हे, हलकेच टेका. पाय रिकिबीत चवड्यापर्यंतच, टाच खाली. पाऊल टाचेपर्यंत आत गेलं तर पडताना अडकतं आणि माणूस फरफटतो. हा एकच मुद्दा लक्षात राहिला तरी खूप झालं.

कपडे, बूट आणि रेनकोट कसा असावा? (सीवूड्स)

बूट बंद हवा, टाच एक-दोन सेंटिमीटरची, तळ फार खडबडीत नको. फ्लोटर नको, कारण तो रिकिबीतून सटकतो किंवा आरपार जातो. गमबूट रुंद असतो, तो रिकिबीत पाचरीसारखा बसतो. जीन्सची आतली शिवण गुडघ्याच्या आत घासते. त्याऐवजी लेगिंग किंवा ट्रॅकपँट घाला.

रेनकोट घोड्यावर बसण्याआधी चढवा. खोगिरात बसून डोक्यावरून फडफडता पाँचो घालणं किंवा फट्कन छत्री उघडणं म्हणजे घोड्याला बिथरवण्याची हमखास युक्ती. छत्री आणूच नका. दोन्ही हात मोकळे हवेत, म्हणून मोबाइल चेन असलेल्या खिशात. खाऊची प्लास्टिक पिशवी हातात लटकवू नका. माथेरानची माकडं ती लांबून ओळखतात आणि झडप घालतात. अशा वेळी घोडा काय करेल, ते सांगता येत नाही.

हेल्मेट? मोटारसायकलचं जड असतं आणि त्याने मान अवघडते. घोडेस्वारीचं, एएसटीएम एफ ११६३ किंवा ईएन १३८४ हे सुरक्षा मानक छापलेलं, सर्वात चांगलं. तेवढा खर्च नको असेल तर सायकलचं, पट्टा हनुवटीखाली नीट लावून. डोकं उघडं ठेवण्यापेक्षा ते केव्हाही बरं.

उतारावर पोटात गोळा येतो. घोडेवाला सांगतो मागे व्हा, दुसरा सांगतो पुढे. खरं काय? ओढा लागला तर काय करायचं? (कळवा)

चढावर कमरेतून पुढे झुका, नितंब किंचित उचला, आयाळ धरा आणि लगाम ढिला सोडा, म्हणजे घोड्याला मान पुढे टाकता येते. उतारावर ‘मागे व्हा’ हा सल्ला अर्धा खरा आहे. पुढे कोसळू नका, एवढाच त्याचा अर्थ. मागे रेलून झोपलात तर भार घोड्याच्या कमरेवर पडतो, आणि उतरताना तर मागचे पाय पोटाखाली आणून तो कमरेच्याच जोरावर तोल सांभाळत असतो. डोंगराच्या उतारावरचं झाड जसं सरळ उभं असतं, तसं धड सरळ ठेवा, पाय थोडे पुढे, नजर दोन घोड्यांइतक्या अंतरावरच्या वाटेवर. लगाम इथेही खेचून धरायचा नाही. घोड्याला मान खाली घालून पाऊल कुठे टाकायचं ते बघायचं असतं. बिचकून लगाम ताणणारा स्वारच बहुतेक वेळा घोड्याला अडखळवतो.

ओला कातळ आणि ओले पेव्हर ब्लॉक यांच्यावर लोखंडी नाल सरकते. असा तुकडा फार उताराचा असेल तर उतरून चालायला लाज वाटू देऊ नका. पुढच्या घोड्यापासून निदान एका घोड्याचं अंतर ठेवा, म्हणजे अडीच मीटर. कान मागे चिकटवलेला किंवा शेपटीला लाल फीत बांधलेला घोडा लाथ मारणारा समजा.

ओढ्याच्या काठावर घोडा थांबून पाणी हुंगतो. हुंगू द्या, दहा-पंधरा सेकंदांनी तो स्वतःच निघतो. पाण्यात शिरल्यावर मात्र त्याने मान खाली घालून पुढच्या खुराने पाणी उडवायला सुरुवात केली तर लगेच लगामाने त्याची मान वर घ्या आणि दोन्ही टाचांनी पुढे हाका. तो लोळायच्या तयारीत आहे आणि तुम्ही पाठीवर आहात हे त्याच्या खिजगणतीतही नाही. पाणी घोड्याच्या गुडघ्याच्या वर असेल, तळ दिसत नसेल, किंवा नितळ पाणी बघता बघता गढूळ होऊन काटक्या-पाला वाहून येऊ लागला असेल तर ओलांडायचं नाही. पैसे भरलेत म्हणून तर अजिबात नाही.

सात वर्षांच्या मुलीला माझ्या पुढ्यात एकाच खोगिरावर बसवू का? (घोडबंदर रोड)

नको. घोडा अडखळला की तुमचंच वजन तिच्यावर पडतं. तिच्यासाठी वेगळा, वयस्क आणि शांत घोडा घ्या, रिकिबी तिच्या मापाच्या असू द्यात, आणि घोडेवाला दोर हातात धरून घोड्याच्या खांद्याजवळून चालू दे. दोर त्याने हाताला गुंडाळलेला नको, आणि मुलीला खोगिराला बांधायचं तर मुळीच नाही.

मागच्या वेळी परतताना मांड्या सोलवटल्या, गुडघे दोन दिवस दुखले. टाळता येईल? (वाशी)

मांड्या सोलवटतात त्या ओल्या कपड्यांमुळे. धबधब्यात भिजायचं आणि तसंच खोगिरावर बसायचं, हा क्रमच चुकीचा. कोरडी लेगिंग आणि कोरडे मोजे पिशवीत न्या, बदला, मांड्यांच्या आत आणि गुडघ्याला व्हॅसलीन लावा, मग बसा. गुडघे दुखले ते रिकिबी आखूड असल्यामुळे, किंवा भीतीने गुडघ्यांनी खोगीर आवळून धरल्यामुळे. मांडीचा भार खाली टाचेकडे सोडा. जंगलवाटेवर घोडा तासाला चार-पाच किलोमीटर चालतो. नवख्याने जाऊन-येऊन तीन तासांपेक्षा जास्त बसू नये, आणि दर पाऊण तासाने उतरून दहा मिनिटं चालावं. वाट सपाट दिसली की घोडेवाला हौसेने दुडकी चाल धरतो. न शिकलेल्याची पाठ त्यात खिळखिळी होते, तेव्हा ‘चालतच न्या’ असं आधीच सांगा. पाठीच्या मणक्यांचा त्रास, गर्भारपण, किंवा रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर खोगिरावर बसूच नका.

डॉमिनिकन रिपब्लिकला जाणार आहोत. तिथे एल लिमोन धबधब्याला घोड्यावरून नेतात. इथलेच नियम लागू का? (ठाणे पश्चिम)

हो, घोडा सगळीकडे घोडाच. समाना द्वीपकल्पातला हा धबधबा ४० मीटरच्या आसपास उंच आहे. वाट चिखलाची आणि गोट्यांची, आणि घोडा अगदी पाण्यापर्यंत जात नाही. शेवटी पायऱ्यांनी उतरावं लागतं, म्हणून बूट चालायलाही चालतील असे हवेत. हेल्मेट मिळेलच असं धरू नका. प्रवास विम्यात घोडेस्वारी ‘साहसी खेळ’ म्हणून वगळलेली असू शकते; ते कलम निघण्याआधी वाचा.

घोडा उधळला किंवा पडलो तर? (बेलापूर)

ओरडू नका, टाचा मारू नका. खोगिरात खोल बसा, लगाम खेच-सोड, खेच-सोड असा करा. सतत ओढलेल्या लगामावर घोडा उलट जोर लावतो. पडणं अटळ दिसलं तर आधी दोन्ही पाय रिकिबीतून काढा, लगाम सोडा आणि खुरांपासून लांब लोळा. लगेच उठू नका. डोक्याला मार लागला असेल तर पुढचे २४ तास कुणीतरी लक्ष ठेवा. उलटी, झोपाळूपणा किंवा बरळणं दिसलं तर १०८ ला फोन. आपटलेलं हेल्मेट वरून धड दिसलं तरी आतला फोम दबलेला असतो, ते टाकून द्या.

खरचटलं असेल तर साबण-पाण्याने नीट धुवा. घोड्याच्या लिदीत धनुर्वाताचे जंतू असतात. मातीने माखलेली जखम असेल आणि शेवटच्या धनुर्वाताच्या इंजेक्शनाला ५ वर्षं उलटली असतील तर डॉक्टरांना सांगून बूस्टर घ्या.

उतरल्यावर घोड्याला गाजर दिलेलं चालतं का? (कोपरखैरणे)

घोडेवाल्याला विचारून द्या. गोल चकत्या घशात अडकू शकतात, म्हणून लांब उभे तुकडे करा. तळहात सपाट ठेवा, अंगठा बोटांना चिकटवून, म्हणजे तो गाजर समजून चावला जाणार नाही.