एनएफसी चिप घेताना : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : तारकर्लीला आमचं पाच खोल्यांचं होमस्टे आहे. पाहुण्यांनी फोन टेकवला की वायफाय लागावं आणि जेवणाचा मेनू उघडावा, एवढंच हवंय. दुकानदार म्हणतो, मोठी म्हणून एनटॅग २१६ घ्या. ऑनलाइन मात्र सगळीकडे २१५ दिसते. कोणती घ्यावी? (मालवण तालुका)

उत्तर : दोन्ही नकोत, २१३ घ्या. एनएफसी म्हणजे फोन अगदी जवळ आणला की बिनतारी होणारी देवाणघेवाण, आणि एनटॅग हा तशा चिपांचा एक प्रकार. तिघी एकाच घरातल्या, फरक मुख्यतः जागेचा. २१३ वर लिहायला १४४ बाइट मिळतात, २१५ वर ५०४ आणि २१६ वर ८८८. मोठी चिप लांबून वाचली जाते हा गैरसमज आहे. अंतर चिपवर नाही, तिच्याभोवतीच्या अँटेनाच्या वेटोळ्यावर ठरतं. २५ मिमीचा गोल स्टिकर फोन दोन-तीन सेंटिमीटरवरून वाचतो, मोठ्या वेटोळ्याचा थोडा अधिक. २१५ एवढी दिसते कारण निन्टेंडोच्या अमीबो खेळण्यांत तीच असते. तुमच्या सुरमई थाळीशी तिचा काही संबंध नाही.

मेनू चिपवर लिहूच नका, मासळीचा भाव रोज बदलतो. चिपवर फक्त लिंक ठेवा आणि पानावरचा मजकूर बदलत राहा. लिंकच्या सुरुवातीचं 'एचटीटीपीएस' आणि त्यापुढची चिन्हं मिळून एकाच बाइटात बसतात. बांधणीला आणखी सात-आठ बाइट धरले तरी उरलेल्या लिंकसाठी सव्वाशेहून जास्त अक्षरं शिल्लक राहतात.

फसगत होते ती देवनागरीत. आपल्या लिपीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट खातं, आणि काना, वेलांटी, हलन्त हीसुद्धा स्वतंत्र चिन्हं. 'तारकर्ली' लिहायला २४ बाइट लागतात. तोच शब्द लिंकमध्ये आला तर टक्क्याच्या खुणांसकट ७२ होतात. म्हणून लिंकचा पत्ता रोमनमध्ये आणि आखूड ठेवा.

वायफाय आणि मेनू एकाच चिपवर कोंबू नका, फोन साधारणपणे पहिल्याच नोंदीवर काम करतो. दोन स्टिकर लावा. त्यातही वायफायची नोंद बहुतेक अँड्रॉइड फोन ओळखतात, आयफोन ओळखत नाही. त्याच्यासाठी शेजारी वायफायचा क्यूआर छापा. स्वस्त अँड्रॉइड फोनांत एनएफसी नसतंच, त्यांचीही सोय त्यातच होते. आयफोन टेन-एस आणि टेन-आरपासून पुढचे फोन कुठलंही अ‍ॅप न उघडता लिंक वाचतात, फक्त पडदा चालू हवा.

कुठे टेकवायचं तेही चित्रात दाखवा. आयफोनचा अँटेना वरच्या कडेला असतो, बहुतेक अँड्रॉइडचा पाठीवर, कॅमेऱ्याच्या खाली. अर्ध्या तक्रारी याच कारणाने येतात.

चिऱ्याच्या उघड्या भिंतीवर स्टिकरचा गोंद धरत नाही आणि पावसाळ्यात कागद फुगून कडा सुटतात. मधोमध भोक असलेली प्लास्टिकची चकती घ्या आणि स्क्रूने बसवा. सगळं झालं, दोन्ही प्रकारच्या फोनवर तपासलं, की मगच चिपला लिहिण्यापासून कुलूप लावा. ते कायमचं असतं, पुन्हा उघडत नाही. पण लावलं नाही तर कुणीही पाहुणा अ‍ॅप घेऊन तुमच्या लिंकच्या जागी स्वतःची लिहू शकतो.

प्रश्न : देवगडला आमची हापूसची बाग आहे. आमच्या नावाने बाहेरचा आंबा विकला जातो. पेटीवर २१३ चिकटवली तर गिऱ्हाइकाला खरी पेटी ओळखता येईल का? (देवगड)

उत्तर : नाही. तीवरची लिंक कुणीही वाचून दुसऱ्या कोऱ्या चिपवर उतरवेल. प्रत्येक चिपला कारखान्यातून सात बाइटांचा क्रमांक येतो खरा, पण क्रमांक बदलता येणाऱ्या आणि तसाच क्रमांक सांगणाऱ्या चिपाही बाजारात मिळतात. चार बाइटांचा पासवर्डही इथे कामाचा नाही. तो उघडाच पाठवला जातो आणि गिऱ्हाइकाकडे तो नसतोच.

तुम्हाला एनटॅग ४२४ डीएनए लागेल. तिच्यात एईएस-१२८ या सांकेतिक पद्धतीची गुप्त किल्ली असते आणि प्रत्येक वाचनाला ती लिंकमध्ये नवी सही व पुढचा आकडा घालते. तुमचा सर्व्हर सही तपासतो आणि आकडा मागच्यापेक्षा मोठा आहे का ते पाहतो. कुणी एकदा वाचलेली लिंक उचलून छापली तर आकडा जुना निघतो आणि खोटेपणा उघडा पडतो.

काम इथे बिघडतं : नवीन चिपच्या सगळ्या किल्ल्या शून्य असतात आणि त्या तशाच राहतात. त्या बदला, आणि सगळ्या पेट्यांना एकच किल्ली देऊ नका, चिपच्या क्रमांकावरून प्रत्येकीची वेगळी काढा. लिंकच्या साच्यात सही कितव्या बाइटापासून सुरू होते ती जागा एकानेही चुकली तर पान उघडतं, पण पडताळणी कधीच जुळत नाही. आणि सर्व्हर सांभाळणारं कुणी नसेल तर ४२४ म्हणजे महागडी २१३.

एवढं करूनही चिप सांगते ती 'मी खरी आहे' एवढंच. आतला आंबा खरा आहे हे ती सांगत नाही. रिकामी पेटी परत भरली तर? त्यासाठी याच चिपचा 'टॅग टॅम्पर' हा प्रकार घ्या. त्याची बारीक तार झाकणाच्या सांध्यावरून जाते. पेटी उघडताना ती तुटली की पुढच्या वाचनात चिप ते कायमचं नोंदवते आणि लिंकमधून कळवते. तार सांध्यावर आडवी यायला हवी, बाजूला चिकटवली तर निरर्थक. लाकडी पेटीला लोखंडी पट्टी मारत असाल तर स्टिकर तिच्यापासून तीन-चार सेंटिमीटर दूर ठेवा.

आमचं मत विचाराल तर शंभर-दोनशे पेट्या ओळखीच्या गिऱ्हाइकांना जात असतील तेव्हा हा खटाटोप करू नका. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालंय. अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद करा आणि तो क्रमांक पेटीवर छापा. चिप घ्या ती अनोळखी बाजारात जाणाऱ्या मालासाठी.

प्रश्न : हर्णै बंदरात आमची मासेमारी बोट आहे. इंजिनाच्या तेलबदलाची नोंद उघडायला इंजिनावर स्टिकर लावला. पहिल्या दिवसापासून फोन काही दाखवतच नाही. (दापोली तालुका)

उत्तर : चिप बिघडलेली नाही, लोखंड आड येतंय. फोनच्या चुंबकीय क्षेत्रामुळे धातूत प्रवाह फिरतात आणि ते क्षेत्र तिथेच मारून टाकतात. फेराइटचा (चुंबकीय क्षेत्र धातूपर्यंत पोचू न देणाऱ्या पदार्थाचा) थर असलेला, धातूवर चालणारा टॅग म्हणजे चिपचा स्टिकर मागा. त्याचं अंतर मात्र आखूड असतं, फोन अगदी टेकवावा लागतो.

पण इंजिनावर लावूच नका. २१३ ची काम करण्याची मर्यादा ७० अंश सेल्सिअस आहे आणि चालतं इंजिन ती सहज ओलांडतं. केबिनच्या प्लायवुडवर लावा, तिथे फेराइटही लागत नाही. फायबरच्या भागावरही साधा टॅग चालतो. कागदी स्टिकर समुद्रावर टिकत नाही. त्याचा अँटेना बहुधा अ‍ॅल्युमिनियमचा असतो आणि खारं पाणी कापलेल्या कडेतून शिरून तो खातं. एपॉक्सीत बंद केलेली किंवा एबीएस प्लास्टिकची चकती घ्या.

प्रश्न : गणपतीपुळ्यात लॉज आहे. दारांच्या कुलपांची कार्डं हरवतात, म्हणून एनटॅगची कोरी कार्डं मागवली. कुलूप ती घेत नाही. (रत्नागिरी तालुका)

उत्तर : घेणारही नाही. जुनं कार्ड एनएफसी असलेल्या अँड्रॉइड फोनला टेकवून पाहा. फोन अजिबात हलला नाही तर ते बहुधा १२५ किलोहर्ट्झचं आहे. एनएफसी १३.५६ मेगाहर्ट्झवर चालतं, त्यामुळे त्या कार्डाचा फोनशी काही संबंध येत नाही. फोनने 'ओळखता येत नाही' असं काही दाखवलं तर ते मायफेअर क्लासिक या जुन्या प्रकारचं कार्ड असण्याची शक्यता मोठी. तसंच कार्ड घ्या आणि कुलपासोबत आलेल्या यंत्रावरच नोंदवा.

क्लासिकची सांकेतिक पद्धत २००८ मध्येच फोडली गेली आहे. त्यामुळे पुढे कुलपं बदलाल तेव्हा डेसफायर ईव्ही२ किंवा ईव्ही३ ही जास्त सुरक्षित कार्डं चालतात का, हे विक्रेत्याकडून लेखी घ्या.