७/११ च्या, म्हणजे २००६ मध्ये मुंबईच्या लोकलमध्ये झालेल्या स्फोटांच्या तपासावर सामान्य माणसाने उघड बोलावं का? आणि पोरं कट्टरतेकडे वळू नयेत म्हणून घरच्यांनी काय करावं?

बोलावंच. तुम्ही पुढे विचारलंय की सगळे आरोपी सुटल्यावर आता तपासाची चिरफाड केली तर पोलिसांचं मनोधैर्य खचेल का, आणि गेलेल्यांच्या घरच्यांना त्रास होईल का. नेमक्या याच मुद्द्यावर माझं माझ्या बहिणीच्या नवऱ्याशी २००६ पासून वाजलेलं आहे, त्यामुळे उत्तर लांबणार.

मी वसईचा. तेव्हा फोर्टात एका विमा कंपनीत होतो. सकाळच्या गाडीला आमचा सेकंड क्लासचा नऊ जणांचा ग्रुप होता. विरार-नालासोपाऱ्याची मंडळी जागा धरायची, आम्ही वसईला चढायचो, आणि बोरिवली आली की बसलेल्यांनी उठून उभ्यांना बसायला द्यायचं. आदल्या दिवशी कितीही भांडण झालेलं असो, बोरिवलीला उठायचंच. ग्रुपमध्ये नालासोपाऱ्याचे तात्या होते आणि मीरा रोडचा डॉक्टर होता. डॉक्टर हे आम्ही ठेवलेलं नाव. धोबीतलावला चष्म्याच्या दुकानात तो काचा घासायचा. राहायला नयानगरला, मुसलमान. हे आता लिहावं लागतंय कारण पुढच्या गोष्टीला लागतं. तोवर आमच्या लेखी तो चालत्या गाडीत तात्यांच्या चष्म्याची निखळलेली काडी बसवून देणारा माणूस होता.

तात्यांना त्या जूनमध्ये बढती मिळाली आणि त्यांनी फर्स्ट क्लासचा पास काढला. सकाळी सवयीने आमच्यातच बसायचे. संध्याकाळी मात्र एकटे फर्स्ट क्लासने जायचे.

११ जुलै २००६, मंगळवार. संध्याकाळी ६:२४ ते ६:३५ या अकरा मिनिटांत सात गाड्यांच्या फर्स्ट क्लासच्या डब्यांत सात स्फोट झाले. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. सरकारी आकड्याप्रमाणे १८९ माणसं गेली, आठशेच्या वर जखमी झाली. माझी गाडी दादर सोडून थांबली ती थांबलीच. फोन लागत नव्हते. आम्ही रुळांवरून पावसात चालत निघालो. माहीमजवळ रुळालगतच्या वस्तीतले लोक घरातल्या चादरी घेऊन धावत होते, त्यांत जखमींना घालून बाहेर काढत होते. मी त्या फाटलेल्या डब्याजवळून गेलो. तात्या त्यातच होते, हे मला रात्री दीड वाजता कळलं.

कळवलं ते भावोजींनी, म्हणजे ज्यांच्याशी भांडण आहे त्यांनीच. ते पोलिसात हवालदार होते आणि त्या रात्री त्यांना सायनच्या रुग्णालयात ड्यूटी लागली होती. मृतदेहांच्या याद्या करायच्या, खिशात काय सापडलं ते लिहायचं. तात्या त्यांना माझ्या घरच्या गणपतीला भेटलेले होते, तरी चेहऱ्यावरून ओळखता आले नाहीत. पास सापडला, महिन्याभरापूर्वीच काढलेला नवाकोरा पास, त्यावरून ओळखले. भावोजींच्या बाजूचं जे काही मी पुढे लिहीन ते वाचताना हे लक्षात असू द्या.

ऑगस्टमध्ये डॉक्टरला चौकशीसाठी नेलं. नयानगरातून तेव्हा पुष्कळांना नेत होते. दोन दिवस ठेवला आणि सोडला. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला नाही, पुन्हा कधी बोलावलंही नाही. चौथ्या दिवशी तो सकाळच्या गाडीला मीरा रोडला चढला. बोरिवली आली आणि कोणी उठलं नाही. मी खिडकीच्या बाजूला बसलो होतो. मीही उठलो नाही. तो दाराशी उभा राहून चर्चगेटपर्यंत आला. दुसऱ्या दिवशीही तसंच. असे बारा-पंधरा दिवस तो येत राहिला आणि मग त्याने गाडी बदलली.

त्याच रविवारी मी भावोजींना विचारलं, काही नव्हतं तर नेलं कशाला? ते म्हणाले, "पोलीस उगाच कोणाला नेत नाहीत. काहीतरी असणारच. तू तात्याचा मित्र की त्याचा?" हे वाक्य मी आजवर विसरलेलो नाही. तुमच्या प्रश्नातल्या मनोधैर्याच्या मुद्द्याचा अर्थ माझ्या कानाला हाच लागतो, राग मानू नका.

आता तपासाचं. तपास एटीएसने, म्हणजे राज्य पोलिसांच्या दहशतवादविरोधी पथकाने केला, तेरा जणांवर मकोका, म्हणजे संघटित गुन्हेगारीविरुद्धचा कडक कायदा लागला. ३० सप्टेंबर २०१५ ला विशेष न्यायालयाने पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप दिली. तेरावा, पेशाने शिक्षक, तेव्हाच निर्दोष सुटला, तोवर नऊ वर्षं आत काढून. २१ जुलै २०२५ ला उच्च न्यायालयाने उरलेल्या बाराही जणांची शिक्षा रद्द केली. त्यांतला एक २०२१ मध्येच नागपूरच्या तुरुंगात कोविडने वारला होता. तीनच दिवसांनी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की या निकालाचा दाखला दुसऱ्या खटल्यांत देता येणार नाही, पण सुटलेल्यांना परत आत घालायचीही गरज नाही.

निकाल साडेसहाशेहून जास्त पानांचा आहे. टीव्हीवर आरडाओरडा करणाऱ्यांनी त्यातली वीस पानं जरी वाचली असती तरी बरं झालं असतं. साध्या खटल्यात पोलिसापुढे दिलेली कबुली कोर्टात चालत नाही. मकोकात उपायुक्त किंवा अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची चालते. म्हणजे सगळा डोलारा त्या कबुलीजबाबांवर, आणि न्यायालयाला दिसलं की त्यांतले भागच्या भाग एकमेकांशी शब्दाशब्दाने जुळतात. आरोपींना ओळखणारे साक्षीदार, त्यांत टॅक्सीवाले आले, शंभराहून जास्त दिवसांनी पुढे आले. ओळखपरेड ज्या अधिकाऱ्याने घेतली त्याला ती घेण्याचा अधिकारच उरलेला नव्हता. जप्त केलेला माल नीट सील केलेला, नीट सांभाळलेला नव्हता. बॉम्ब नेमका कोणत्या प्रकारचा होता हेसुद्धा सरकारी पक्षाला सिद्ध करता आलं नाही. मधल्या काळात, २००८ मध्ये, मुंबई पोलिसांच्याच गुन्हे शाखेने इंडियन मुजाहिदीन या दुसऱ्याच दहशतवादी संघटनेच्या लोकांना पकडलं, त्यातल्या एकाने हे स्फोट आम्ही केले असं सांगितल्याचं बाहेर आलं. एकाच शहराच्या पोलिसांकडे एकाच गुन्ह्याच्या दोन गोष्टी! तेव्हा प्रश्न विचारला तरी आम्हाला तुम्ही कोणाच्या बाजूचे म्हणून विचारत होते.

न्यायालयाने सुरुवातीलाच एक गोष्ट म्हटली आहे, तिचा आशय असा: गुन्हा उलगडल्याचा खोटा देखावा उभा केला की लोकांना वाटतं प्रकरण मिटलं, आणि खरा धोका बाहेर मोकळा राहतो. भावोजींना मी एवढंच सांगत होतो, फक्त मला इतकं नीट सांगता येत नव्हतं. तात्यांच्या बायकोला २०१५ मध्ये पेढे घेऊन भेटायला जाणारे लोक मी पाहिलेत. २०२५ मध्ये त्यांतला एकही गेला नाही. वहिनी म्हणाल्या, "म्हणजे मला इतकी वर्षं फसवलं का?" याला तुम्ही मनोधैर्य म्हणणार असाल तर ते वहिनींचं आधी मोजा.

दुसरा प्रश्न पोरांचा. इथे मी तज्ज्ञ नाही, पण एक पोरगा जवळून पाहिलाय.

मे २०१४ मध्ये कल्याणचे चार तरुण यात्रेच्या निमित्ताने इराकला गेले आणि आयसिसला जाऊन मिळाले. त्यांतला एक नोव्हेंबरमध्ये परत आला आणि अटक झाला. त्या बातम्या ताज्या असताना, २०१५ च्या सुरुवातीला, मला डॉक्टरचा फोन आला. साडेआठ वर्षांनी! वसई स्टेशनबाहेर चहा घ्यायला बसलो. म्हणाला, मुलगा रात्ररात्र फोनवर असतो, मित्र तोडलेत, आईशी बोलत नाही, टीव्ही हराम म्हणून बंद करायला लावला. कोणीतरी लांबचा माणूस त्याच्याशी रोज बोलतो. "पोलिसांकडे गेलो तर ते काय करतील मला माहीत आहे. तुमच्याशिवाय विचारायला कोणी नाही." मी त्या माणसासाठी बोरिवलीला उठलो नव्हतो.

मी भावोजींकडे गेलो. ते दोन वर्षांपूर्वी निवृत्त झाले होते. ऐकून घेतलं, पहिल्यांदा म्हणाले, "बघ, मी म्हणत नव्हतो, त्या घरात काहीतरी आहे." खूप भांडलो. बहीण मध्ये पडली. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी स्वतःच ओळखीच्या एका अधिकाऱ्याला फोन केला. तो अधिकारी साध्या कपड्यांत डॉक्टरच्या घरी आला, एकटा, गाडी लांब लावून. मुलाशी दोन तास बोलला. नोकरी कुठे बघतोस, पासपोर्ट काढलायस का, क्रिकेट कुठे खेळतोस. पुढे तीन महिने दर आठवड्याला भेटत होता, एकदा त्याने एका वयस्कर मौलानांनाही आणलं. गुन्हा नोंदवला नाही. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये पुण्यातल्या सोळा वर्षांच्या एका मुलीची बातमी आली होती, आयसिसच्या लोकांच्या ऑनलाइन संपर्कात आलेली. एटीएसने तिला अटक न करता समुपदेशनाने बाहेर काढलं. म्हणजे ज्या यंत्रणेच्या तपासावर मी वर एवढं लिहिलं तिला हेही जमतं. हेसुद्धा उघड बोललं पाहिजे.

त्या मुलाने नंतर मला सांगितलं की फोनवरचा माणूस पहिले दोन महिने धर्माचं काहीच बोलला नव्हता. रोज विचारायचा, जेवलास का. मग एकदा विचारलं, तुझ्या अब्बांना २००६ मध्ये काय झालं होतं? मुलगा तेव्हा बारा वर्षांचा होता. बाप घरी आला, न्हाणीघरात गेला आणि दोन तास बाहेर आला नाही, एवढंच त्याला आठवत होतं. घरात त्यावर कोणी कधी शब्द काढला नाही. त्याबद्दल त्याला विचारणारा पहिला माणूस तो निघाला.

म्हणून सांगतो, शाळा-कॉलेजात शपथा घ्यायला लावणं, पोस्टर चिकटवणं, मशिदीबाहेर कॅमेरे लावणं यातून मला काडीचा फायदा दिसत नाही. गरिबीमुळे होतं हेही मला पटत नाही, कल्याणच्या त्या चौघांत शिकलेले होते. घरात जे झालंय ते घरात बोला. पोरगं अचानक जुने मित्र तोडतंय, पैसे जपून ठेवतंय, पासपोर्टची चौकशी करतंय, घरच्यांना पापी ठरवतंय, तर मारू नका आणि फोन हिसकावू नका. फोन हिसकावला की तो माणूस दुसऱ्या फोनवर येतो आणि तुम्ही शत्रू ठरता. तो ज्याचं ऐकतो असा मामा, शिक्षक, खेळातला कोच शोधा. आणि हे फक्त मुसलमान घरांसाठी लिहिलंय असं समजू नका. आमच्या सोसायटीत एकोणीस वर्षांचा एक मुलगा दिवसभर बदला बदला करणारे व्हिडिओ बघतो आणि त्याच्या वडिलांना ते अभिमानाचं वाटतं. त्यांना मी हेच सांगितलं, त्यांनी माझ्याशी बोलणं सोडलं.

काही गोष्टी आधीच लिहायला हव्या होत्या. निर्दोष सुटले याचा अर्थ खटला सिद्ध झाला नाही, आणि प्रकरण अजून सर्वोच्च न्यायालयात आहे, तेव्हा शेवटचा शब्द माझा नाही. उघड बोला म्हणजे तपास चालू असताना संशयितांची नावं, पत्ते, फोटो फिरवा असं नाही. असल्या फॉरवर्डने तपासही नासतो आणि माणसंही. पद्धतीवर बोला, पुराव्यावर बोला. पोरगं बोलण्याच्या पलीकडे गेलं असेल, तिकीट काढलंय, घरात काही आणून ठेवलंय, तर मामा-मौलाना शोधत बसू नका, त्याच दिवशी पोलिसांच्या ११२ नंबरला फोन करा. आणि प्रत्येकाच्या घरात हवालदार भावोजी नसतात, हे मला कळतं. ज्यांच्याकडे नाहीत त्यांनी कोणाकडे जायचं, याचं चांगलं उत्तर माझ्याकडे नाही. ओळखीच्या वकिलाला सोबत घेऊन जा, एकटे जाऊ नका, एवढंच म्हणेन.

तो मुलगा आता नोकरीला आहे, लग्न झालंय. ओळख पटू नये म्हणून दोन-तीन तपशील बदललेत.

हे टाकण्याआधी भावोजींना फोनवर वाचून दाखवलं. सत्तरी गाठलीय, ऐकू कमी येतं, दोनदा वाचावं लागलं. मला वाटलं होतं निकालाच्या परिच्छेदावर चिडतील. तिथे काही बोलले नाहीत. सायनच्या रात्रीबद्दल एवढंच म्हणाले की रुग्णालयातल्या सफाई कामगारांचं लिही, ते आमच्याआधीपासून राबत होते. मग म्हणाले, "एक चूक आहे. दोन दिवस नाही, तीन दिवस ठेवला होता त्याला. मी तेव्हाच विचारून घेतलं होतं."

वर दोन दिवस लिहिलंय ते तीन असं वाचा.