अख्खी बिल्डिंगच स्क्रीन झाली तर? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात दर्शनी भागावर व्हिडिओ चालणाऱ्या इमारतींचे फोटो छापले होते, त्यावर इतके प्रश्न आले की या वेळचं सदर त्यांनाच देऊन टाकतोय. सारखेसारखे प्रश्न एकत्र केलेत, रागवू नका.

प्रश्न: बाहेरून पूर्ण भिंतीवर जाहिरात चालू असते तेव्हा आत ऑफिसात बसलेल्या माणसाला खिडकीतून काही दिसतं का?

स्क्रीन कुठल्या जातीचा आहे त्यावर अवलंबून आहे. घट्ट पॅनलचा असेल तर विषयच संपला, खिडकी गेली. न्यूयॉर्कचं वन टाइम्स स्क्वेअर बघा, नवीन वर्षाला जिथून तो गोळा खाली येतो ती बिल्डिंग. ती कित्येक वर्षं आतून जवळजवळ रिकामीच होती, कारण भाडेकरू ठेवण्यापेक्षा बाहेरच्या जाहिरातींचेच पैसे जास्त मिळत होते! म्हणजे बिल्डिंग कसली, होर्डिंगचा सांगाडाच तो. त्याच चौकात नॅसडॅक या शेअर बाजाराचा सात मजली गोल स्क्रीन आहे, त्यात मात्र मधेमधे चौकोन कापून खिडक्या ठेवल्यात, आणि गंमत म्हणजे चालू व्हिडिओत ती भोकं लोकांच्या फारशी लक्षातच येत नाहीत.

दुसरी जात म्हणजे मेश किंवा पट्ट्यांचा स्क्रीन. यात एलईडीच्या बारीक पट्ट्या अंतर सोडून लावतात, मधून उजेड येतो, वारा पण जातो त्यामुळे भिंतीवर लोडही कमी येतो. आतून साधारण डासांच्या जाळीतून बघावं तसं दिसतं. एलईडीचं तोंड बाहेर असतं म्हणून आतल्याला चित्र दिसत नाही, दिसते ती पट्ट्यांची पाठ. हाँगकाँगचं एम प्लस म्युझियम २०२१ मध्ये उघडलं, त्याच्या टॉवरवर सिरॅमिकच्या लूव्हर्समध्येच, म्हणजे झडपेसारख्या आडव्या पट्ट्यांमध्येच, एलईडीच्या नळ्या बसवल्यात, ६५ मीटरच्या वर उंच आणि ११० मीटर रुंद, आणि तरी दिवसा ती बिल्डिंग बिल्डिंगसारखीच दिसते. मला विचाराल तर खरी परीक्षा हीच, स्क्रीन बंद केल्यावर भिंत कशी दिसते ते बघायचं. बऱ्याच ठिकाणी बंद स्क्रीन म्हणजे नुसता काळा डाग असतो.

प्रश्न: जवळ गेलं की नुसते ठिपके आणि लांबून एकदम क्लिअर, असं का? मग हा स्क्रीन एचडी असतो की नाही?

दोन ठिपक्यांमधल्या अंतराला पिच म्हणतात, सगळा खेळ त्याचा आहे. आपल्या डोळ्याला साधारण एका अंशाच्या साठाव्या भागापेक्षा बारीक फरक कळत नाही, म्हणजे १० मिलिमीटर पिच असेल तर साधारण ३४ मीटरवरून ठिपके एकमेकांत पूर्ण मिसळतात. धंद्यातले लोक एवढा हिशोब करत नाहीत, त्यांचा ठोकताळा सोपा आहे, जितके मिलिमीटर पिच तितके मीटर तरी लांब उभं राहा.

आता लास वेगासचा तो प्रचंड गोळा घ्या, स्फिअर, जो २०२३ मध्ये सुरू झाला. बाहेरून साधारण १२ लाख दिवे, एकमेकांपासून ८ इंचावर, म्हणजे २० सेंटिमीटर. वरच्याच हिशोबाने ते ठिपके पूर्ण मिसळायला तुम्हाला ७०० मीटर लांब जावं लागेल. आणि १२ लाख हा आकडा ऐकायला मोठा वाटतो पण घरच्या साध्या फुल एचडी टीव्हीत २० लाखांच्या वर पिक्सेल असतात! तर नाही, बाहेरून तो एचडी सुद्धा नाही, नुसता भलामोठा आहे. म्हणूनच त्याच्यावर डोळा, चंद्र, बास्केटबॉल असली ढोबळ चित्रं भारी दिसतात, बारीक अक्षरं टाकली तर वाट लागेल. एका वाचकांनी लिहिलंय की पिक्सेल वाढवले की स्क्रीन चांगला झाला, मला अजिबात पटत नाही. लोक कुठून बघणार आहेत हे ठरवा, पिच त्यावरून काढा, जास्तीचा खर्च पाण्यात जातो.

प्रश्न: चष्मा न लावता मांजर स्क्रीनच्या बाहेर येतं ते कसं काय?

येत नाही, डोळ्याला फसवतात. टोकियोत शिंजुकूला २०२१ पासून ते मोठं मांजर दिसतं, त्याच्या आदल्या वर्षी सोलमध्ये काचेच्या टाकीत उसळणारी लाट आली होती. दोन्हीकडे स्क्रीन कोपऱ्यावरून वळलेला आहे, आणि चित्र एकाच ठरावीक जागेवरून बरोबर दिसेल असं ताणून काढलेलं असतं. वर खोटी चौकट आणि सावल्या टाकतात, मांजराचा पंजा चौकटीच्या पुढे आला की मेंदू म्हणतो बाहेर आलं. रस्ता ओलांडून दुसऱ्या बाजूला जा, तेच मांजर वेडंवाकडं दिसेल. आपल्याकडे फॉरवर्ड होणारे व्हिडिओ सगळे त्या एका जागेवरूनच काढलेले असतात.

प्रश्न: मी आर्किटेक्चरला आहे, प्रोजेक्टसाठी विचारतेय. पहिली अशी बिल्डिंग कोणती? आणि एलईडीच्या आधी हे शक्य होतं का?

पहिली कोणती यावर भांडणं होतील, त्यात नको पडूया. पण एलईडीच्या आधी शक्य होतं का, तर हो, आणि माझ्या मते जास्त डोकं लावून केलेलं काम तेव्हाचंच आहे.

१९२८ मध्ये टाइम्स स्क्वेअरला, वर सांगितलेल्या वन टाइम्स स्क्वेअर बिल्डिंगभोवती बातम्यांची फिरती पट्टी लागली, १४,८०० बल्ब, आणि पहिली मोठी बातमी अध्यक्षीय निवडणूक हूव्हर जिंकले ती. चित्र बिच काही नाही, नुसती पळणारी अक्षरं, पण बिल्डिंगच बोलायला लागली हे तिथूनच. रंगीत व्हिडिओचं घोडं मात्र निळ्या एलईडीपाशी अडलं होतं, भरपूर उजेड देणारा निळा १९९३ मध्ये जपानमध्ये आला (२०१४ चं फिजिक्सचं नोबेल त्याच कामाला). त्याआधी स्टेडियममधले मोठे स्क्रीन जुन्या टीव्हीच्या नळ्यांच्या तत्त्वावर चालायचे, ते भिंतीत मिसळणं अवघडच.

तू प्रोजेक्टमध्ये या दोन नक्की घे. एक, बर्लिनमधली अलेक्झांडरप्लाट्झची हाउस डेस लेरर्स. सप्टेंबर २००१ मध्ये केऑस कॉम्प्युटर क्लब या हॅकर मंडळींच्या संस्थेच्या लोकांनी वरच्या ८ मजल्यांच्या १८ x ८ खिडक्यांमागे एकेक दिवा ठेवला आणि प्रत्येक खिडकी म्हणजे एक पिक्सेल. १४४ पिक्सेल फक्त! लोक खाली उभं राहून मोबाइलवरून त्यावर पाँग हा चेंडू टोलवायचा जुना व्हिडिओ गेम खेळायचे. दुसरी ऑस्ट्रियातल्या ग्राझचं कुन्स्टहाउस हे कला संग्रहालय, २००३. पीटर कुक आणि कॉलिन फूर्निए यांची ती निळी फुगीर बिल्डिंग, तिच्या अॅक्रिलिकच्या कातडीखाली बर्लिनच्या रिअॅलिटीज युनायटेड या डिझाइन स्टुडिओने साध्या गोल फ्लुरोसंट ट्यूब बसवल्या, ९३०, प्रत्येकी ४० वॉट, सगळ्या वेगवेगळ्या मंद करता येतात. मुद्दाम जुनी टेक्नॉलॉजी वापरली, कारण नव्यातली नवी घेतली की ती पाच वर्षांत जुनाट दिसते. गुणाकार करून बघ, सगळ्या फुल्ल पेटवल्या तरी ३७ किलोवॉटच्या आसपास. आणि सर्वात महत्त्वाचं, ते दिवे बिल्डिंगच्या आकारासोबत वळतात, वरून चिकटवलेला टीव्ही नाही वाटत. तुझ्या सरांना हे दाखव.

प्रश्न: आमच्या समोरच्या बिल्डिंगवर असा स्क्रीन लागलाय, रात्रभर बेडरूमच्या छतावर रंग बदलत राहतात. तक्रार केली तर म्हणतात ब्राइटनेस कमीच ठेवलाय. काय करावं?

आधी त्यांना "कमी" म्हणजे किती ते विचारा, आणि लेखी विचारा. स्क्रीनचा उजेड निट्समध्ये मोजतात, दिवसा उन्हात दिसायचं तर ५,००० निट्सच्या वर लागतात, ते चूक नाही. पण रात्री त्याच स्क्रीनला काहीशे निट्स भरपूर होतात, ब्रिटनच्या लायटिंग प्रोफेशनल्सच्या संस्थेची मार्गदर्शक तत्त्वं शहराच्या मध्यवर्ती भागात सुद्धा मोठ्या स्क्रीनला रात्री ३०० च्याच आसपास सांगतात. अंधार पडल्यावर आपोआप मंद करणारा सेन्सर असतो, तो लावलाय का आणि चालू आहे का हा दुसरा प्रश्न. बरेचदा असतो आणि कुणीतरी बंद केलेला असतो.

निट्सबरोबर अजून एक गोष्ट, जी तक्रारीत कुणी लिहीत नाही. त्रास उजेडापेक्षा उजेड बदलण्याचा होतो. एकदम पूर्ण पांढरी फ्रेम आली की खोली पेटल्यासारखी होते, मग काळी, मग परत पांढरी. त्यामुळे अंधार पडल्यानंतर गडद बॅकग्राउंडच्याच क्लिप लावा, कट मारू नका, चित्र हळूहळू बदला, आणि अमुक वाजता बंद करा, अशी मागणी करा. यातलं बरंचसं कॉम्प्युटरवर बसून होतं, त्यांचा खर्च जवळजवळ शून्य, म्हणून मान्य व्हायची शक्यताही जास्त. खिडकीच्या काचेवर लक्स मीटरने, म्हणजे पडणारा उजेड मोजायच्या यंत्राने, रीडिंग घ्या, स्क्रीन चालू असताना आणि बंद असताना, दोन्ही. फोनच्या अॅपवर आकड्यासाठी विश्वास नको, फरक दाखवायला चालेल.

लंडनला दुसरा स्फिअर बांधायचं ठरत होतं, तेव्हा आजूबाजूच्या घरांना ब्लॅकआउट पडदे देऊ असा प्रस्ताव होता. म्हणजे उजेड आम्ही पाडणार, पडदे तुम्ही ओढा! २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये महापौर सादिक खान यांनी परवानगी नाकारली, त्यात आजूबाजूच्या लोकांना होणारा प्रकाशाचा त्रास हा मोठा मुद्दा होता. तेव्हा तुमची तक्रार अजिबात फालतू नाहीये.

प्रश्न: सगळीकडे जाहिरातीच का?

कारण वीज, दुरुस्ती, बंद पडणारी मॉड्युलं (स्क्रीनचे सुटे तुकडे) यांचे पैसे कुणीतरी द्यायचे असतात. तरी टाइम्स स्क्वेअरला रोज रात्री ११:५७ ते १२ अशी तीन मिनिटं बऱ्याच स्क्रीनवर एकाच वेळी कलाकृती दाखवतात. तीन मिनिटं! साओ पाउलोने तर २००७ पासून बाहेरच्या जाहिरातींवरच बंदी आणली, आणि तिथे पाउलिस्टा अॅव्हेन्यूवरच्या उद्योग महासंघाच्या उतरत्या भिंतीच्या बिल्डिंगवर एलईडीत कलाच दिसते.

प्रश्न: मोबाइलने शूट केलं की काळे पट्टे येतात, फोन खराब आहे का?

नाही हो. एलईडी मंद करायचा म्हणजे तो फार वेगाने चालू बंद करतात, डोळ्याला कळत नाही पण फोनचा सेन्सर ओळीओळीने वाचतो त्याला कळतं. प्रो मोडमध्ये शटर १/५० किंवा १/६० वर आणा, पट्टे बरेचसे जातात. आणि पट्ट्यांऐवजी इंद्रधनुष्यासारख्या लाटा येत असतील तर ते वेगळं, स्क्रीनच्या ठिपक्यांची जाळी आणि सेन्सरची जाळी एकमेकींवर आडवी येते, त्याला शटरचा उपयोग नाही, दोन पावलं मागेपुढे व्हा किंवा थोडं तिरकं उभं राहून काढा.